बालकाची शौचाची सवय : वेगधारण आणि वेगोदीरण यांच्या मधली वाट

दोन-अडीच वर्षांचे मूल कडेवर घेऊन आलेली माता सर्दी-खोकल्याचे औषध घेऊन उठता उठता, सहज आठवल्यासारखे, "अजून शी-शूचं काही सांगत नाही बघा हा" असे म्हणते, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. "सांगेल हळूहळू" असे म्हणून आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. हे उत्तर पुष्कळदा योग्यही असते. परंतु वर्षभरात तेच मूल मलावष्टंभ, पोटदुखी, भूक न लागणे किंवा चड्डीत सतत शी होणे या तक्रारीसाठी पुन्हा आणले जाते आणि मग मात्र चिकित्सा महिनोन्महिने चालते. शौचाची सवय लावण्याचा काळ हा बालकाच्या अपान वायूच्या दृष्टीने नाजूक काळ आहे. त्या काळात काय करावे यापेक्षा काय करू नये हे मातापित्यांना सांगणारा वैद्यच हवा, कारण घरातील आजी, शेजारीण आणि बालवाडीच्या बाई या तिघींचे सल्ले बहुधा तीन दिशांना जाणारे असतात.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, रोगानुत्पादनीय अध्यायात, वाग्भटाचार्यांनी रोगांचे मूळ सांगताना वेगांचे धारण आणि वेगांचे उदीरण ही दोन्ही कारणे एकत्र सांगितली आहेत. चरकाचार्यांनी नवेगान्धारणीय अध्यायात जे तेरा अधारणीय वेग सांगितले त्यांत मूत्र आणि पुरीष हे आरंभीच येतात. आपण पाठ्यक्रमात धारणाची लक्षणे मुखोद्गत करतो. उदीरण म्हणजे वेग नसताना बळाने प्रवृत्त करणे, हा भाग मात्र सहसा विस्मरणात जातो. बालकाच्या बाबतीत हे दोन्ही दोष एकाच घरात, एकाच आठवड्यात घडताना दिसतात. सकाळी कामाच्या घाईत मुलाला बसवून "कर लवकर, कुंथ जरा" असे म्हणणे हे उदीरण. दुपारी पाहुणे आले असता किंवा बसमध्ये "थांब, आता नाही" असे म्हणणे हे धारण. मुलाने यातून काय शिकावे? शौचाची सवय म्हणजे वेग ओळखणे, तो सांगणे आणि त्यास वेळीच वाट देणे. वेळापत्रक पाळणे हा तिचा गाभा नव्हे.

पायांवरचे आसन

सोलापूरहून निघालेला लोहमार्ग जेथे दुभंगतो, एक फाटा विजापूर-गदगकडे आणि दुसरा वाडीकडे जातो, ते दक्षिण सोलापूर तालुक्यातील जंक्शन म्हणजे आमचे होटगी. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, असा इथला व्यवहार. (रेल्वेच्या गावात राहणाऱ्या वैद्यास आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. जैव-शौचालये येण्यापूर्वीच्या डब्यांत गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये अशी सूचना असे. वेगधारणाचा इतका जाहीर उपदेश अन्यत्र क्वचितच लिहिला गेला असेल.)

या भागात, आणि खरे तर सबंध महाराष्ट्रात, लहान मुलाला शीला बसवण्याची जी परंपरागत रीत आहे ती वाचकांना परिचित आहेच. आई किंवा आजी जमिनीवर पाय पसरून बसते, दोन्ही पावले थोडी विलग ठेवते, आणि मुलाला आपल्याकडे तोंड करून पावलांवर उकिडवे बसवते. खाली कागद किंवा जुने फडके. मुलाचे हात आईच्या हातांत, नजर आईच्या चेहऱ्याकडे. आई तोंडाने "शूऽ शूऽ" असा आवाज करते. दोन-चार मिनिटांत काही झाले तर झाले, नाही तर मूल उचलून घेतले जाते.

या साध्या कृतीत किती गोष्टी साधतात ते पाहावे. उकिडव्या आसनात गुडघे कटीच्या वर येतात, मांड्या पोटाला लागतात, गुद आणि मलाशय यांच्यामधील कोन सरळ होतो आणि त्या कोनाला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. म्हणजे कुंथण्याची गरज कमी होते. मुलाच्या पावलांना आधार मिळतो. खाली पडण्याची भीती नाही, कारण आसन म्हणजे आईच. दूध पाजल्यानंतर थोड्या वेळाने बसवण्याची आजीची वेळही उगाच ठरलेली नाही. आमाशयात अन्न जाताच पक्वाशयाची गती वाढते हे शरीरक्रियाशास्त्र आता सांगते. आजीने ते पाहून जाणले होते.

येथे एक भेद मात्र स्पष्ट करावयास हवा. सहा-आठ महिन्यांच्या मुलाला पायांवर बसवून शी होते याचा अर्थ मूल शिकले असा नाही. तेथे वेग ओळखते ती आई, आणि मूल तिच्या संकेताला प्रतिसाद देते. हे उपयुक्त आहे, लंगोट वाचतात, गुदाजवळची त्वचा कोरडी राहते. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजातील माता पाच-सहा महिन्यांच्या अर्भकांना अशाच संकेतांनी तयार करतात, अशी नोंद १९७७ साली बालरोगविषयक वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांना नवल वाटले. आपल्याकडे त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु "आमचं बाळ वर्षाचं असताना शिकलं होतं, आता दोन वर्षांचं झालं तर विसरलं" अशी तक्रार जेव्हा येते तेव्हा मूल विसरलेले नसते. संकेताचा काळ संपून स्वतः वेग ओळखण्याचा काळ सुरू झालेला असतो, आणि त्या नव्या काळात पहिले धडे गिरवताना चुका होणारच.

ग्रंथांत काय आढळते

शौचाची सवय कशी लावावी असा स्वतंत्र अध्याय बृहत्त्रयीत नाही. तरीही विखुरलेल्या सूचना एकत्र केल्या तर एक सुसंगत दृष्टी दिसते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना पाणी, उखळ, स्नान आणि स्वयंपाक यांच्या जागांबरोबर मूत्र व पुरीष यांच्यासाठीची जागाही नीट विभागलेली असावी असे सांगितले आहे. म्हणजे मुलाच्या घरात मुलाची शौचाची जागा हा वास्तुरचनेचा भाग मानला होता. मलमूत्राने खराब झालेली अंथरुणे वर्ज्य करावीत, दुसरी नसतील तर तीच उत्तम धुऊन, धूप देऊन, कोरडी करून वापरावीत, हेही तेथेच येते. नसतील तर काय करावे हे सांगणारा हा आचार्य गरीब घरांत वावरलेला होता, असे मला नेहमी वाटते.

त्याच अध्यायातील दुसरी सूचना अधिक मोलाची आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल तर त्यास भीती घालू नये, राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भेडसावू नये, असे चरक सांगतात. सुश्रुतही शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकास दरडावू नये असे म्हणतात. आजच्या घरात पिशाचाची जागा बागुलबुवाने, पोलिसाने आणि, खेदाने म्हणावे लागते, आपण घेतली आहे. "चड्डीत केलीस तर डॉक्टरांकडून सुई देईन" हे वाक्य तर आपल्याच प्रतीक्षाकक्षात ऐकू येते. भयाने अपान वायूची गती बिघडते हे आपण मोठ्यांच्या बाबतीत मान्य करतो. मग मुलाच्या बाबतीत त्याला शिस्त का म्हणावे?

तिसरी सूचना काश्यपसंहितेची. उपवेशन संस्कारात बालकास शुद्ध केलेल्या भूमीवर थोडाच वेळ बसवावे असे सांगून, अति बसवल्याने कटी दुर्बल होणे, पाठ दुखणे, मल-मूत्र-वात यांचा अवरोध आणि आध्मान होते असा इशारा दिला आहे. तो संदर्भ बसायला शिकवण्याचा आहे, शौचाचा नव्हे, हे मान्य. पण प्लास्टिकच्या भांड्यावर मोबाईल हातात देऊन अर्धा-अर्धा तास बसवून ठेवलेली मुले पाहिली म्हणजे हा इशारा हटकून आठवतो. पाच मिनिटे पुरे. फार तर सात.

केव्हा आरंभ करावा

सुश्रुताने वयाचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे विभाग केले: एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, पुढे अन्नाद. सवय लावण्याचा प्रयत्न बहुतेक घरांत दुसरे वर्ष संपताना आणि तिसरे लागताना होतो. म्हणजे ज्या काळात मूल दुधावरून अन्नावर येते, मलाचे स्वरूप बदलते, तो घट्ट होऊ लागतो, नेमक्या त्याच काळात आपण त्याला शिस्तीची मागणी करतो. आहार बदलल्याने मल कठीण होणे आणि त्याच सुमारास बसण्याची सक्ती होणे हा योग दुर्दैवी आहे आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे बीज तेथे असते. म्हणून सवयीला हात घालण्यापूर्वी मल मृदू आहे ना, हे प्रथम पाहावे. कठीण मल असलेल्या मुलाला बसायला शिकवू नये.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबण्याच्या त्यांच्या पद्धतीत दिवसाची सवय पूर्ण होण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने आले. त्या समाजाची राहणी वेगळी, डायपरचे प्रस्थ वेगळे. तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करण्याचे कारण नाही. परंतु तयारीची लक्षणे सर्वत्र सारखीच आहेत. मूल दीड-दोन तास कोरडे राहते. स्वतः चालत जाऊन उकिडवे बसते आणि उठते. दोन गोष्टी जोडून सांगितल्या तर करते, जसे "चेंडू आण आणि बाबांना दे". ओले झाल्यावर चड्डी ओढते. शी होताना खेळ थांबवून दाराआड किंवा पडद्यामागे जाऊन उभे राहते. हे शेवटचे लक्षण मातांना खोडी वाटते. वास्तविक मुलाला वेग कळू लागल्याची ती खूण आहे आणि तिचे स्वागत व्हावे.

ही लक्षणे सामान्यतः दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान दिसतात, मुलग्यांत मुलींपेक्षा काही महिने उशिरा. घरात नवे बाळ आले असेल, मूल नुकतेच आजारातून उठले असेल किंवा बिऱ्हाड बदलले असेल तर महिना-दीड महिना थांबावे. ऋतूविषयी माझे मत असे की सोलापूरकडच्या मुलांसाठी संक्रांतीनंतरचा, माघ-फाल्गुनाचा काळ सर्वांत बरा. कपडे कमी झालेले असतात, धुतलेले लवकर वाळतात, आणि वैशाखाचा उन्हाळा अजून लागलेला नसतो. पारा चाळिशीपार गेला की घामाने जलांश जातो, मल सुकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ज्या वस्तीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते तेथे घरचे लोक नकळत मुलाच्या पिण्याच्या पाण्यातही काटकसर करतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

डायपरविषयी टोकाची भूमिका घेण्याची गरज नाही. प्रवासात, रात्री, पावसाळ्यात त्याची सोय मोठी आहे. पण आजचा डायपर ओलावा इतका शोषून घेतो की शू झाल्याचे मुलाला जाणवतच नाही. वेग, प्रवृत्ती आणि ओलेपणा यांची साखळी मुलाच्या मनात जुळायची असेल तर दिवसा घरी असताना सुती चड्डी किंवा जुना लंगोटच बरा.

अतिसार वाटणारा अवष्टंभ

या लेखात ज्या एका गोष्टीसाठी वाचकांचे विशेष लक्ष हवे ती ही आहे.

साडेतीन वर्षांचा एक मुलगा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी पातळ शी चड्डीतच होते, वास उग्र, भूक मंद. दोन महिने अतिसार समजून बाहेर स्तंभन औषधे झालेली. कुटज झाला, बिल्व झाले, दुकानातून आणलेली जुलाबाची पातळ औषधेही झाली. प्रत्येक औषधाने दोन दिवस बरे वाटे आणि तक्रार दुप्पट होऊन परत येई. उदराचे स्पर्शन केले तेव्हा डाव्या वंक्षणाच्या वर कठीण गोळे बोटांना स्पष्ट लागले. खोदून विचारल्यावर कळले की आठ-दहा दिवसांतून एकदा मोठ्या माणसासारखी जाड शी होते आणि त्या दिवशी घर डोक्यावर घेतले जाते. आरंभ कोठे झाला? दोन वर्षांचा असताना एकदा कठीण शी होऊन रक्ताची रेघ आली होती. त्याच महिन्यात आईने बसवण्याची शिस्त सुरू केली होती.

हा क्रम पुढे ठेवला की सगळे उलगडते. एकदा वेदना झाली. मुलाने ठरवले की पुन्हा करायचे नाही. वेग आला की ते पाय आवळते, टाचा उचलून ताठ उभे राहते, खुर्चीला धरून लाल होते. घरच्यांना वाटते की ते जोर लावते आहे. प्रत्यक्षात ते रोखत असते. रोखलेला मल पक्वाशयात सुकतो, मोठा होतो, पुढच्या वेळी अधिक दुखवतो. मलाशय ताणले जाऊन वेगाची जाणीवच बोथट होते. शेवटी साठलेल्या कठीण मलाच्या कडेने वरचा पातळ मल झिरपत राहतो, तोच हा 'अतिसार'. यास स्तंभन देणे म्हणजे बंद दाराला आणखी एक कडी लावणे होय. चरकाने पुरीषवेगधारणाची जी लक्षणे दिली आहेत, पक्वाशयशूल, शिरःशूल, मल व वाताची अप्रवृत्ती, पिंडऱ्यांत पेटके, आध्मान, ती या मुलांत एकेक करून सापडतात. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात बोलू न शकणाऱ्या बालकातील आनाहाची लक्षणे म्हणून ताठरलेली नजर, बेचैनी, थकवा आणि मूत्र-वात-मलाचा रोध सांगितला आहे. तसेच मूत्रकृच्छ्रात मूल ओठ चावते व हाताने बस्तिप्रदेशास स्पर्श करते असे म्हटले आहे. दीड-दोन हजार वर्षांत या निरीक्षणात काही उणे काढता आलेले नाही.

म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलास वारंवार थोडी पातळ शी होत असेल, ताप नसेल, मूल एरवी खेळत असेल, तर औषध लिहिण्यापूर्वी पोटाला हात लावावा आणि दोन प्रश्न विचारावेत: मधूनमधून फार जाड शी होते का? वेग आल्यावर मूल उभे राहून पाय आवळते का?

चिकित्सेची दिशा

चरकाने पुरीषरोधात अभ्यंग, स्वेद, अवगाह, वर्ती, बस्ती आणि मलाला वाट देणारे अन्नपान सांगितले आहे. बालकात यांपैकी काय घ्यावे याचे उत्तर त्यांनीच चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात दिले आहे: बालकांचे मृदुत्व, परावलंबित्व आणि बोलण्या-वागण्यातील असमर्थता पाहून वमनादी तीव्र उपाय टाळावेत. गुदमार्गाने करावयाचे उपचार या मुलांत मी शक्यतो मागे ठेवतो. ज्याला गुदाच्या वेदनेची भीती बसली आहे त्याच्या गुदाला पुन्हा पुन्हा हात लावल्याने ती पक्की होते. विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल लावून किंवा साबणाची कांडी वापरून शी करवण्याची घरगुती सवयही यासाठीच बंद करावी. पोटावर कोमट तेलाचा हलका अभ्यंग आणि कोमट पाण्यात दहा मिनिटे कमरेपर्यंत बसवणे हे मात्र मुलाला आवडते, वेदना शमते, आणि कित्येकदा त्यानंतरच वेग येतो.

आहारात प्रथम दुधाचा हिशेब करावा. बाटलीने दिवसाला लिटरभर गाईचे दूध पिणारे दोन वर्षांचे मूल अन्न खाणारच नाही. अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नये. त्यानंतर टोस्ट, खारी, बिस्किटे. "भाकरी खातो तरी होत नाही" अशी तक्रार आमच्याकडे येते, तीत तथ्य आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या कडक भाकरीची ख्याती दूरवर गेली, हे खरे. पण ज्वारी रूक्ष आहे. बालकाला ती ताजी, तूप लावून, आमटीत वा दुधात कुस्करून द्यावी, चटणीशी कोरडी नव्हे. दुसरे आमच्या भागाचे वैशिष्ट्य डाळिंबाचे. शेतातच पिकते, रक्त वाढते म्हणून रोज वाटीभर दाणे मुलाला दिले जातात. दाडिम ग्राही आहे हे आपण विसरून चालणार नाही. अवष्टंभ असेपर्यंत डाळिंब बाजूला ठेवून पपई, पेरूचा बी काढलेला गर, अंजीर द्यावे. रात्री भिजवलेल्या मनुका बी काढून, कुस्करून पाण्यासकट द्याव्यात. चार वर्षांखालील मुलास अख्खी मनुका देऊ नये, ती घशात अडकण्याचे भय असते.

औषधांत आरग्वधाचे स्थान वेगळे आहे. कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाने त्यास मृदू, मधुर, शीत म्हणून बालक, वृद्ध आणि सुकुमार यांच्यासाठी विशेष हितकर म्हटले आहे आणि चार ते बारा वर्षांच्या मुलास उदावर्तात द्राक्षारसाबरोबर द्यावे असे वयासह सांगितले आहे. वयाची खालची मर्यादा आचार्यांनीच घातली आहे, ती पाळावी. चार वर्षांखालील मूल, ज्याच्या पोटात मल साठून कठीण झाला आहे, ते बालरोगतज्ज्ञाकडे पाठवून पॉलिइथिलीन ग्लायकॉलने मलाशय मोकळे करून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. २०१४ साली युरोप व उत्तर अमेरिकेतील बाल-पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत हेच औषध प्रथम आहे. त्यांतील दुसरी सूचना आपल्याही औषधांना लागू पडते: मल मृदू ठेवणारी चिकित्सा किमान दोन महिने चालावी, आणि सर्व लक्षणे जाऊन एक महिना झाल्यावरच ती हळूहळू कमी करावी. माता आठ दिवसांत शी झाली म्हणून औषध थांबवते, आणि महिन्याने आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो. वर सांगितलेल्या मुलास पूर्ववत होण्यास पाच महिने लागले. त्यांतले पहिले सहा आठवडे बसवण्याचा आग्रह पूर्ण बंद ठेवला होता.

जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली असेल, जन्मापासूनच अवष्टंभ असेल, वजन वाढत नसेल, पोट फुगून हिरवट उलटी होत असेल, पायांत बळ कमी असेल किंवा कंबरेच्या मागे खळगा वा केसांचा झुपका असेल, तर हा सवयीचा प्रश्न नव्हे. अशा मुलास त्वरित शल्यचिकित्सकाची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे.

औषध दुकानदार बंधूंसाठी

बालकाचा मलावष्टंभ दवाखान्यात येण्यापूर्वी दुकानाच्या काउंटरवर येतो. 'पोट साफ' करणाऱ्या बहुतेक तयार चूर्णांत सोनामुखी असते. ही चूर्णे मोठ्यांसाठी आहेत. "अर्धा चमचा द्या" म्हणून ती दोन वर्षांच्या मुलासाठी देऊ नयेत. सोनामुखीने झालेली पातळ शी डायपरमध्ये रात्रभर त्वचेला लागून राहिली तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि मग ते 'डायपरचे पुरळ' म्हणून मलम मागायला गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येते. एरंडेलाची आठवड्याची मात्रा ही जुनी प्रथा आहे. तिने पोट दुखून झालेली शी मुलाच्या मनात भीतीच रुजवते. बाळगुटीच्या संचातील हिरडा, मुरडशेंग ही द्रव्ये निरुपद्रवी म्हणून हवी तितकी उगाळण्याची नव्हेत, आणि वर्षाखालील बाळास गुटीबरोबर मध देऊ नये हे पाकिटासोबत तोंडी सांगितले तर मोठे काम होईल. मुलाचे जुलाब बंद करणारे औषध कोणी मागितले तर "किती दिवसांपासून?" एवढेच विचारावे. उत्तर दोन आठवड्यांहून अधिक असेल तर गिऱ्हाईक वैद्याकडे पाठवावे.

मुलाच्या मापाची जागा

शौचालय नसण्याचा प्रश्न पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०००-०१ पासूनचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांतून गावोगाव शौचकूप झाले आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. परंतु हे शौचकूप मोठ्यांच्या पायांच्या मापाचे आहेत. दोन पावट्यांमधले अंतर मुलाच्या पायांना झेपत नाही, खालच्या भोकाची आणि अंधाराची भीती वाटते, पाण्याचा आवाज दचकवतो. त्यामुळे घरात शौचालय असूनही मूल अंगणातच बसते, आणि लहान मुलाची शी निरुपद्रवी असते या समजुतीने ती तेथेच राहते किंवा उकिरड्यावर जाते. ती मोठ्यांच्या शीइतकीच रोगवाहक आहे. उचलून शौचकुपातच टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. मुलासाठी न्हाणीत दोन सपाट विटा किंवा लहानसे भांडे पुरते. घरात कमोड असेल तर वर लहान बैठक आणि पायांखाली पाट, म्हणजे पाय लोंबकळणार नाहीत. मुलींना धुताना हात पुढून मागे न्यावा, हे आईला प्रत्यक्ष दाखवावे.

भाषेचा मुद्दा आमच्या सीमाभागात हटकून येतो. घरी 'कक्का' आणि 'उच्ची' म्हणणारे कन्नड घरातले मूल मराठी अंगणवाडीत जाते. तेथे 'शी' आणि 'शू' हे शब्द. नव्या बाईंना त्याचे म्हणणे उमगत नाही, मूल एकदा चड्डी ओली करते, इतर मुले हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत पाणी पीत नाही व घरी येईपर्यंत रोखून धरते. सोलापुरातील तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतूनही हेच घडते. मूल शौचासाठी घरात कोणता शब्द वापरते हे केसपेपरवर लिहून घेण्याची आणि आईने तो अंगणवाडीसेविकेला सांगावा असे बजावण्याची पद्धत मी ठेवली आहे. खर्च काहीच नाही.

रात्रीची शय्या

शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या गणनेत शय्यामूत्राचा समावेश आहे. तरी तीन-चार वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते म्हणून त्यास रोगी ठरवू नये. पाचव्या वर्षापर्यंत ती चिकित्सेची बाब नाही, आणि पाचव्या वर्षीही सुमारे १५ टक्के मुले रात्री ओली होतात. झोपण्यापूर्वी शू करवावी, संध्याकाळनंतरचे पाणी व दूध थोडे आवरावे, आणि दिवसाचे पाणी मात्र कमी करू नये. शय्यामूत्रासाठी आणलेल्या मुलाचेही पोट तपासावे. भरलेले मलाशय पुढील मूत्राशयावर दाब देते, आणि अवष्टंभ गेल्यावर कित्येक मुले आपोआप कोरडी राहू लागतात. जे मूल सहा महिने कोरडे राहून एकाएकी पुन्हा ओले करू लागले, त्याच्या घरात काही घडले आहे का ते हळुवारपणे विचारावे आणि मूत्राची तपासणी करून घ्यावी. त्याबरोबर तहान वाढली असेल व वजन उतरत असेल तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासावी, उद्यावर टाकू नये.